जंगली महाराज रस्त्यावरचा गाळा परवडेल का? वर्दळ, भाडे आणि करार यांविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपली बहीण मिळून पुण्यात सुती कपड्यांचे दुकान काढणार आहात. त्यात कुर्ते, दुपट्टे आणि थोड्या साड्या असतील, आणि मागच्या बाजूला चहा-कॉफीची चार टेबले ठेवण्याचा विचार आहे. आपल्यापुढे दोन गाळे आहेत. पहिला जंगली महाराज रस्त्यावर असून त्याचे कार्पेट क्षेत्र २४० चौरस फूट आणि भाडे महिना १ लाख १० हजार रुपये आहे. दुसरा बालेवाडीकडच्या एका नव्या खुल्या बाजार-संकुलात आहे, जिथे गाड्या बाहेर ठेवून लोक आत पायी फिरतात. तिथे भाडे ७२ हजार रुपये सांगितले आहे. पायी फिरणारी गर्दी मिळते म्हणून पहिल्या गाळ्याचे जादा भाडे देणे शहाणपणाचे ठरेल का, असे आपण विचारता.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात दुकानांचे गाळे घेण्या-देण्याच्या व्यवहारांत आहे, आणि त्यातले बहुतेक व्यवहार मी भाडेकरूच्या बाजूने केले आहेत. त्या अनुभवावरून मला वाटते की दोन भाड्यांतील फरकापेक्षा आधी एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा. रस्त्यावरून जाणारी माणसे आणि आपल्या दुकानासमोर थांबणारी माणसे हे दोन वेगवेगळे आकडे आहेत. घरमालक आणि दलाल पहिल्या आकड्याचे भाडे मागतात, आपला गल्ला मात्र दुसऱ्या आकड्यावर चालतो. आपल्या मालाचा दर, दुकान उघडे ठेवण्याच्या वेळा आणि हाताशी असलेले भांडवल यांवर बरेच काही अवलंबून आहे, आणि ते आपण लिहिलेले नाही. त्यामुळे अमुक गाळा घ्या असे मी सांगणार नाही. निर्णय कसा करावा एवढे मात्र नक्की सांगता येईल.

पायी चालणाऱ्याचे मोल का आहे ते आधी पाहू. साधारण चालीचा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास अंतर कापतो. आपल्या दुकानाचे तोंड बारा फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर असेल, तर तो तीन सेकंद आपल्यासमोर असतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार तेच तोंड अर्ध्या सेकंदाच्या आत ओलांडतो आणि त्याचे डोळे पुढच्या गाडीवर असतात. तीन सेकंदांत दर्शनी खणातला एक कुर्ता नजरेत भरू शकतो, रंग आवडू शकतो, सोबतच्या मैत्रिणीला कोपराने खुणावता येते. पदपथ रुंद केल्याने विक्री वाढते असे म्हणतात त्याच्या मुळाशी हे साधे गणित आहे. पण चालणारा घाईत असेल, उन्हात असेल, किंवा पदपथावर दुचाक्या लावलेल्या असल्यामुळे रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालत असेल, तर ते तीन सेकंद आपल्या वाट्याला येत नाहीत.

जंगली महाराज रस्त्याचा पदपथ २०१७ च्या सुमारास नव्या आराखड्याने रुंद झाला, बसायला जागा झाल्या, झाडे तशीच राखली गेली. त्याआधी आणि नंतर तिथे मी गाळे दाखवले आहेत, आणि फरक डोळ्यांना दिसतो: लोक रेंगाळतात. मेट्रोचा गरवारे महाविद्यालय ते रुबी हॉल हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाल्यापासून डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही दोन स्थानके या रस्त्याच्या आवाक्यात आली आहेत. तरीही हा सगळा रस्ता एकजिनसी नाही, आणि दलाल "जे. एम. रोड" असे म्हणतो तेव्हा तो संपूर्ण रस्त्याची कीर्ती एका गाळ्याला चिकटवत असतो. उद्यानासमोरचा भाग, बालगंधर्व रंगमंदिराजवळचा भाग, डेक्कनच्या टोकाचा भाग आणि शिवाजीनगरकडचा भाग यांचे गिऱ्हाईक वेगळे, वेळा वेगळ्या. आपल्या मालासाठी मला त्यातल्या त्यात रंगमंदिराच्या जवळपासची जागा आवडली असती. साडेपाचच्या प्रयोगाला पाचच्या सुमारास येऊन पोचणारा प्रेक्षक सुती साडी विकत घेणाराच असतो, आणि त्याच्याजवळ वीस मिनिटे मोकळी असतात. अर्थात त्या रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा अधूनमधून उठत असते; पाच वर्षांचा करार करताना ही शक्यता मनात ठेवावी.

रस्त्याची बाजू हा दुसरा, फारसा कोणी न विचारणारा मुद्दा आहे. हा रस्ता ढोबळमानाने दक्षिणोत्तर जातो. त्यामुळे पश्चिमेकडच्या दुकानांपुढचा पदपथ दुपारनंतर इमारतींच्या सावलीत येतो, आणि पूर्वेकडच्या दुकानांच्या तोंडावर तीन ते सहा ऊन असते. झाडांमुळे ते काही ठिकाणी सुसह्य होते, पण आपला गाळा नेमक्या कोणत्या झाडाखाली आहे, हे जागेवर जाऊनच कळेल. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे लग्नसराईच्या आणि सुती कपड्यांच्या ऐन हंगामात, लोक सावलीच्या बाजूने चालतात. शिवाय पश्चिमेचे ऊन दर्शनी खणातल्या गडद सुती कापडाचा रंग दोन महिन्यांत उडवते. त्यासाठी लागणारे पडदे आणि काचेवरची फिल्म हासुद्धा खर्चच आहे.

आता मोजणीकडे वळतो. मी प्रत्येक भाडेकरूला उलट्या दिशेने हिशेब करायला लावतो. कपड्यांच्या छोट्या दुकानाने विक्रीच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त भाडे देऊ नये, असा माझा आडाखा आहे. घरचे काम करणारे दोन हात असतील तर थोडे ताणता येते, पण अठराच्या पुढे गेलेली दुकाने टिकलेली मी क्वचितच पाहिली. १ लाख १० हजार हे पंधरा टक्के धरले, तर महिन्याची विक्री ७ लाख ३३ हजार व्हायला हवी. सरासरी बिल चौदाशे रुपयांचे धरले तर महिन्याला सुमारे ५२५, म्हणजे रोज सतरा-अठरा बिले झाली. आत आलेल्या पाचांपैकी एक जण काही घेऊन जातो असे मानल्यास रोज नव्वद माणसे पायरी चढायला हवीत. समोरून जाणाऱ्या शंभरांपैकी तीन जण आत येत असतील, तर आपल्या बाजूच्या पदपथावरून, दुकान उघडे असताना, रोज तीन हजार माणसे जायला हवीत. पाचात एक आणि शंभरात तीन ही प्रमाणे मी माझ्या अनुभवातून घेतली आहेत. आपण आधी प्रदर्शनांत माल विकला असेल तर तिथले स्वतःचे प्रमाण वापरा, ते माझ्यापेक्षा खरे असेल.

मग एक वही घेऊन त्या गाळ्यासमोर बसा. दर तासातली पंधरा मिनिटे मोजा आणि चारने गुणा. एक मंगळवार, एक शुक्रवार आणि एक रविवार, असे किमान तीन दिवस करा. नुसती डोकी मोजू नका. हात रिकामे आहेत की पिशव्यांनी भरलेले, एकटी व्यक्ती आहे की दोघी-तिघी मिळून, मान कुठे वळते आहे, शेजारच्या दुकानाच्या खणापुढे पावले मंदावतात का, हेही टिपा. हे काम आपण दोघींनी स्वतःच करावे. पैसे देऊन माणूस बसवला तर आकडा मिळेल, पण तो आकडा कोणाचा आहे हे कळणार नाही.

याबाबतीत माझी एक चूक सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका पादत्राणे विकणाऱ्या गृहस्थांना मध्यवस्तीतला कोपऱ्यावरचा गाळा मिळवून दिला. समोर बसथांबा होता आणि संध्याकाळी मोजलेला आकडा इतका मोठा आला, की आम्ही दोघेही खूश झालो. दुकान चौदा महिन्यांत बंद झाले. थांब्यावरची माणसे दुकानाकडे पाठ करून, बस कुठून येते तिकडे डोळे लावून उभी राहत. त्यांच्यामुळे उलट दर्शनी खण झाकला जाई, आणि ज्यांना खरोखर आत यायचे होते त्यांना वाट काढत यावे लागे. मी माणसे मोजली, त्यांचे तोंड कोणीकडे आहे ते पाहिले नाही. तेव्हापासून माझ्या वहीत "पाठ" आणि "तोंड" असे दोन रकाने असतात.

खाण्याच्या दुकानांचा शेजार हा याहून नाजूक विषय आहे. खाण्यापिण्याची ठिकाणे गर्दी आणतात, म्हणून त्यांच्या जवळ गाळा घ्यावा, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीबाहेर टेबल मिळण्याची वाट पाहत उभी असलेली मंडळी आपण पाहिली असतील. ही वाट पाहणारी गर्दी छोट्या दुकानदाराला सोन्यासारखी असते, कारण तिला वेळ घालवायचा असतो आणि तिचे हात मोकळे असतात. याच्या उलट, जिथे लोक खाऊन बाहेर पडतात किंवा चालता चालता खातात, तिथली गर्दी कपड्यांच्या कामाची नसते. हातात आईस्क्रीमचा कोन असलेला माणूस पांढऱ्या सुती कुर्त्याला हात लावत नाही, आणि त्याने लावू नये अशीच आपलीही इच्छा असते. तळणीचा वास कापडात मुरतो, हे वेगळेच. शेजारचा गाळा सध्या रिकामा असेल, तर तो कोणाला देणार आहेत हे मालकाला विचारा आणि वडापाव किंवा चायनीजचा धूर आपल्या दाराशी सोडणार नाहीत, हे लिहून घेण्याचा प्रयत्न करा. रस्त्यावरचा मालक बहुधा असे लिहून देत नाही. संकुलाचा व्यवस्थापक देऊ शकतो.

दुसऱ्या गाळ्यासाठी मुख्य प्रश्न वेळेचा आहे. बालेवाडी हाय स्ट्रीटच्या परिसरात दुपारी एक ते अडीच कार्यालयांतली मंडळी गळ्यात ओळखपत्र अडकवून जेवायला उतरतात, आणि खरी गर्दी रात्री आठनंतर होते. कपड्यांची खरेदी माझ्या पाहण्यात प्रामुख्याने पाच ते साडेआठ या वेळात होते. दुपारच्या गर्दीला वेळ नसतो आणि रात्रीची गर्दी जेवायला किंवा मित्रांना भेटायला आलेली असते. अशा जागी भेटवस्तू, पुस्तके, चष्मे, साबण-अत्तरे, मोजे, छोटे दागिने चालताना मी पाहिले आहेत, कारण ते जेवणाआधीच्या दहा मिनिटांत घेता येतात आणि अंगावर घालून पाहावे लागत नाहीत. कुर्ता घालून पाहावा लागतो. आपला दुपट्टा-स्टोलचा माल मोठा असेल, तर गोष्ट थोडी बदलते. रात्री साडेदहापर्यंत दुकान उघडे ठेवायची तयारी आहे का, आणि घरी कसे जाणार, हा प्रश्न दोन बहिणींनी आपापसांत प्रामाणिकपणे सोडवायला हवा.

आता भाड्याची तुलना. ७२ हजार हा आकडा आपण १ लाख १० हजाराशेजारी ठेवला आहे, पण दोन्ही एका मापाचे नाहीत. आपण पाठवलेल्या तपशिलात संकुलाचे क्षेत्र ४०० चौरस फूट "आकारणीयोग्य" (ज्यावर भाडे लावले जाते ते) असे लिहिले आहे, आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले, फक्त २२५ आहे. उरलेले म्हणजे जिने, मार्गिका, स्वच्छतागृहे यांचा आपल्या माथी मारलेला वाटा, ज्याला लोडिंग म्हणतात. त्यावर सामाईक देखभालीचे दरमहा चौरस फुटाला १८ रुपये, तेही ४०० फुटांवर, म्हणजे ७,२०० रुपये. एकूण ७९,२०० रुपये झाले आणि प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या फुटाला ३५२ रुपये पडले. जंगली महाराज रस्त्यावर हाच दर सुमारे ४५८ रुपये आहे. फरक अजूनही आहे, पण सांगितला गेला तेवढा नाही. त्यात संकुलात प्रसिद्धीचा निधी, ठरावीक तास दुकान उघडे ठेवण्याची सक्ती आणि वातानुकूलन यंत्रणेचा वेगळा आकार आहे का, तेही पाहा. "किमान हमी किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, यांपैकी जे जास्त असेल ते" अशी अट असेल, तर विक्रीत जीएसटी धरायचा की नाही आणि परत आलेला माल वजा होतो की नाही, हे करारात स्पष्ट हवे.

जीएसटीचा विषय अनेक जण विसरतात. व्यावसायिक गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के कर आहे. मालक नोंदणीकृत असेल तर तो बिलात लावतो. मालक नोंदणीकृत नसेल आणि आपण असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूने स्वतः भरायचा आहे. कपड्यांच्या विक्रीवरील करातून त्याची वजावट घेता येते, पण स्वस्त कपड्यांवरचा दर ५ टक्केच असल्याने १८ टक्क्यांनी भरलेला सगळा कर दरमहा वजावटीत बसेलच असे नाही. काही रक्कम अडकून राहते. चहा-कॉफीच्या भागाची अडचण तर आणखी निराळी आहे, कारण उपाहारगृहाच्या ५ टक्के दरात वजावट मिळतच नाही. करार करण्याआधी आपल्या हिशेबनिसाकडून हा एक कागद तयार करून घ्या.

चार टेबलांविषयी माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या गाळ्यात ती ठेवू नका. चार टेबले आणि छोटा कट्टा यांना किमान ७० चौरस फूट जातील. ४५८ च्या दराने त्या जागेचे भाडे महिन्याला ३२ हजार झाले. एका कपामागे चाळीस रुपये सुटले, तरी केवळ भाडे निघायला रोज सत्तावीस कप हवेत, आणि कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार त्याच्यावर. त्यासाठी अन्नपरवाना, पाणी, सांडपाणी, विजेचा वाढीव भार आणि इमारतीतल्या रहिवाशांची नाराजी हे सगळे ओढवून घ्यावे लागते. मंजूर नकाशात त्या गाळ्याचा वापर काय दाखवला आहे आणि भोगवटा प्रमाणपत्रात काय आहे, हे दुकानासाठीही तपासायचेच असते. खाद्यपदार्थ म्हटले की त्याची छाननी दुप्पट होते. समोरच्या मोकळ्या जागेत दोन खुर्च्या टाकू, असे मालक सहज म्हणून जाईल. ती जागा इमारतीची फ्रंट मार्जिन, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा असते, तिथे व्यवसाय करण्याची परवानगी नसते, आणि महापालिकेची कारवाई झाली तर साहित्य भाडेकरूचे जाते, मालकाचे नव्हे. पदपथाबद्दल तर बोलायलाच नको. ज्या रुंद पदपथासाठी आपण जादा भाडे देणार आहात, तो आपणच अडवायचा हे तर्कालाही धरून नाही.

पथारीवाल्यांविषयी आपण थोड्या काळजीने लिहिले आहे. पदपथावर कानातली, मोजे किंवा पिशव्या विकणारा माणूस आपल्या दुकानाचे नुकसानच करतो, असे मला आढळलेले नाही. तुळशीबागेत रस्त्यावरचा आणि दुकानातला व्यापार एकमेकांच्या आधाराने चालतो, हे कोणीही पाहू शकेल. तो चालणाऱ्याला थांबवतो, आणि थांबलेल्या माणसाची नजर इकडेतिकडे जाते. मात्र तो आपल्याच किमतीच्या पट्ट्यातले कुर्ते विकत असेल, किंवा त्याची मांडणी दाराची वाट अडवत असेल, तर अडचण आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क दिलेले आहेत, त्यामुळे "मी हलवून देतो" या मालकाच्या आश्वासनावर विसंबून गाळा घेऊ नये. जसा आहे तसा शेजार धरूनच मोजणी करावी.

दोन-तीन शारीरिक गोष्टी पटकन सांगतो. पदपथापासून दुकानाच्या जोत्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते पाहा. एकीपर्यंत ठीक, तीन असतील तर वयस्क गिऱ्हाईक खालूनच बघून पुढे जाते, आणि सुती साड्यांचे गिऱ्हाईक बऱ्याचदा तेच असते. बारा फूट तोंड आणि वीस फूट खोली हा गाळा आठ फूट तोंड आणि तीस फूट खोलीच्या गाळ्यापेक्षा चांगला, क्षेत्रफळ सारखे असले तरी. पाटीबाबत लक्षात घ्या की दुकानाच्या माथ्यावरची मोठी पाटी समोरच्या पदपथावरच्या माणसाला दिसते, आपल्या पदपथावरून चालणाऱ्याला ती दिसतच नाही. त्याच्यासाठी खणातली मांडणी आणि परवानगी मिळत असल्यास रस्त्याला काटकोनात असलेली छोटी पाटी उपयोगी पडते. तिची चौकशी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात करावी. नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावणे २०२२ च्या दुरुस्तीपासून सर्व दुकानांना बंधनकारक आहे, तेव्हा पाटी एकदाच नीट करून घ्या.

वाहने बंद झाली तर काय, हा आपला उपप्रश्न होता. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग त्या दिवशी वाहनांसाठी बंद असतो. एका दिवसाच्या उत्सवावरून कायमच्या व्यवस्थेचा अंदाज बांधता येत नाही. त्या दिवशी बघे जास्त असतात. दिल्लीच्या चांदणी चौकात नूतनीकरणानंतर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी झाली, तेव्हा दुकानदारांपुढे पहिला प्रश्न माल केव्हा आणि कसा उतरवायचा हा आला. चेन्नईचा पाँडी बझार २०१९ मध्ये रुंद पदपथांचा झाला, पण तिथे वाहतूक पूर्ण बंद केलेली नाही, आणि मला तो नमुना आपल्या शहरांना अधिक जवळचा वाटतो. आपल्या मालाला, म्हणजे पिशवीत मावणाऱ्या कपड्यांना, दारात गाडी लावता न येण्याचा तोटा फार कमी आहे. फर्निचर किंवा भांड्यांचे दुकान असते तर मी वेगळे बोललो असतो.

तोटा होतो तो रस्ता सुधारून झाल्यावर नव्हे, सुधारत असताना. माझ्या एका भाडेकरूच्या दुकानापुढे, शहराच्या दुसऱ्याच एका रस्त्यावर, पदपथ खणून सात महिने चर उघडा होता आणि आत यायला एक फळी टाकलेली होती. विक्री निम्म्यावर आली, भाडे मात्र पूर्ण द्यावे लागले, कारण करारात त्याविषयी एक शब्दही नव्हता. त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी असे कलम घालायला लावतो की सार्वजनिक कामामुळे दुकानात येण्याची वाट पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ अडली, तर तेवढ्या काळापुरते भाडे निम्मे होईल. सगळे मालक मान्य करत नाहीत. निम्म्याऐवजी तीन-चतुर्थांशावर तडजोड होते, पण कलम असणे महत्त्वाचे.

करारातली उरलेली दोन ठिकाणे अशी, की जिथे नवे भाडेकरू हमखास फसतात. पहिले, भाडेवाढ. आपल्याला दरवर्षी पाच टक्के सांगितले आहे. तीन वर्षांनंतर एकदाच पंधरा टक्के वाढ मागा. ऐकायला दोन्ही सारखे वाटते, पण १ लाख १० हजारांवर पाच वर्षांचा हिशेब केला, तर पहिल्या पद्धतीने सुमारे ७२ लाख ९४ हजार आणि दुसऱ्या पद्धतीने ६९ लाख ९६ हजार होतात. जवळजवळ तीन लाखांचा फरक आहे, आणि तो बराचसा पहिल्या तीन वर्षांत पडतो, जेव्हा दुकानाला पैशांची सर्वांत जास्त गरज असते. सजावटीसाठी किमान दीड महिना विनाभाडे मागायला संकोचू नका; तेवढा काळ गाळा रिकामा असतोच.

दुसरे, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडून बाहेर पडता येत नाही तो काळ. तीन वर्षांचा लॉक-इन दोघांवर सारखाच लादलेला आहे, असे आपल्या मसुद्यावरून दिसते. मी तो असा बदलून घेईन की मालकाला पाचही वर्षे बंधन, आणि आपल्याला पहिल्या बारा महिन्यांनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडण्याची मुभा. ही मागणी अवास्तव नाही, कारण सजावटीत सात-आठ लाख घालणारी बाजू आपली आहे, आणि वर्षभराने उठवले गेलात तर ते भिंतीलाच चिकटून राहतील. मालक बारावर येत नसेल तर अठरा महिन्यांवर सोडा. छत्तीस मान्य करू नका. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायला मालक टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्कही करारातील एकूण रकमेवर पाव टक्का एवढेच असते. काही भाडे रोखीने आणि काही कागदावर, असा प्रस्ताव आला तर अनामत रकमेचा कोणता भाग कागदावर येणार हेही विचारून पाहा. उत्तरावरून माणूस कळतो.

संकुलाच्या गाळ्यासाठी एक प्रश्न वेगळा आहे. किती गाळे भाड्याने गेले हे व्यवस्थापक सांगेलच. किती उघडे आहेत, हे आपण स्वतः दोन वेगवेगळ्या संध्याकाळी मोजा. नव्या संकुलात करार झालेले पण शटर न उघडलेले गाळे बरेच असतात, आणि बंद शटरांच्या रांगेपुढून कोणी फिरत नाही. निदान दोन-तृतीयांश गाळे उघडेपर्यंत भाडे निम्मे, अशी अट मागा. इथे घासाघीस करण्याची ताकद आपल्याकडे आहे, कारण त्यांना भाड्याइतकीच उघड्या दुकानांची गरज असते.

आता माझा कल. आपले सरासरी बिल खरोखर चौदाशेच्या पुढे असेल, टेबलांचा विचार आपण सोडणार असाल, गाळा सावलीच्या बाजूला असेल आणि मोजणीत तीन हजारांच्या जवळ जाणारा, "तोंड" करून चालणारा आकडा आला, तर जंगली महाराज रस्त्याचे भाडे परवडेल. तरी मी सुरुवात १ लाखापासून करून घासाघीस करीन. बिल सातशे-आठशेचे असेल, तर याच भाड्याला रोज तीसहून अधिक बिले लागतील आणि दोघींच्या हातांना ती आवरणार नाहीत. मग मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत, कोपऱ्यापासून दहा-बारा पावलांवरचा गाळा शोधा. अशा गल्लीतले भाडे बरेच उतरते, आणि कोपऱ्यावर उभी केलेली एक कापडी पुतळी पुरेशी माणसे आत वळवते, असे मी दोन दुकानांत पाहिले आहे. संकुलाचा गाळा मी आपल्या सध्याच्या मालासाठी तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

मालकाने "दुसरा माणूस उद्या टोकन देतोय" असे सांगितले आहे, म्हणून आपण घाईत आहात, हे कळते. पुढच्या रविवारपर्यंत थांबा. या आठवड्यातला मंगळवार, शुक्रवार आणि रविवार मोजून झाल्यावर तिन्ही दिवसांचे आकडे आणि आपले प्रदर्शनातले सरासरी बिल इथेच लिहा. त्यावरून किती भाड्यापर्यंत जावे ते मी सांगू शकेन.